लेक मीडला आई-बाबांना घेऊन जावं का? (मे महिना, गुडघे आणि उजनी)

इंदापुरी (धागाकर्ता) | ११ एप्रिल, रात्री १०:२०

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आई-बाबा परवाच पुण्याहून आलेत. बाबा ७१, आई ६६. मे अखेरीस मेमोरियल डेची जोडून सुट्टी येते तेव्हा लास व्हेगासला जायचा बेत आहे (आम्ही अर्व्हाइनला). आईला तो झगमगाट एक संध्याकाळ पुरेल. बाबांना तीही नको. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त, सगळी नोकरी उजनीच्या कालव्यांवर. त्यांना फक्त हूवर धरण बघायचंय.

प्रश्न असा, की धरण पाहून झाल्यावर मागचा तलाव, म्हणजे लेक मीड, तिथे दोन दिवस काढण्यासारखं काही आहे का? बाबा रोज तळजाईला जातात, चालण्याची सवय आहे. आईचा डावा गुडघा कुरकुरतो. शिवाय मला आणि बायकोला एखादा जरा दमवणारा ट्रेक हवाय. एका मित्राने गरम पाण्याच्या झऱ्यांचा सुचवलाय. कोणी केलाय का?

---

खडूस काका | ११ एप्रिल, रात्री १०:४१

धरण बघा, पुलावर फोटो काढा, परत या. तलाव कसला, वाळवंटात ठेवलेली अर्धी बादली आहे ती. बोअरच्या पाण्याने बादलीला कड बसते ना पांढरी, तीच बघायची मैलोन् मैल.

---

फिनिक्सवासी | १२ एप्रिल, सकाळी ७:०५

काकांकडे दुर्लक्ष करा, ते ग्रँड कॅन्यनलाही 'मोठा खड्डा' म्हणाले होते.

इंदापुरी, जागा दोन दिवसांची नक्की आहे. पण मेच्या शेवटी नको. आधी ते बोलू.

लेक मीड नॅशनल रिक्रिएशन एरिया म्हणजे फक्त तलाव नव्हे. नेवाडा आणि ॲरिझोना मिळून जवळपास १५ लाख एकर. त्यात वरचा लेक मीड आला आणि खाली डेव्हिस धरणामागचा लेक मोहावीही आला. पाणी दिसतं म्हणून लोकांना वाटतं, हवा गार असेल. अजिबात नाही. हे मोहावी वाळवंट आहे आणि तलाव त्यात ओतलेला आहे. काठापासून शंभर पावलांवर झाड नाही, सावली नाही, असेल तर एखादं क्रिओसोटचं झुडूप, तेही गुडघ्याएवढं. जून-जुलैत ११० फॅरनहाइटच्या वर पारा नेहमीचा, म्हणजे आपले ४३ अंश. आम्ही दरवर्षी जातो, पण नोव्हेंबर ते मार्च.

आणि तुमच्या मित्राचे गरम झरे: ॲरिझोना हॉट स्प्रिंग्ज आणि गोल्डस्ट्राइक कॅन्यन या दोन्ही वाटा १५ मे ते ३० सप्टेंबर बंदच असतात. उन्हामुळे. उगाच केलेला नियम नाही तो, आधी माणसं दगावली आहेत.

आई-बाबांसाठी हिस्टॉरिक रेलरोड टनेल ट्रेल. डोळे झाकून.

---

घाटवाट | १२ एप्रिल, सकाळी ११:३०

४३ अंशांचं काय कौतुक? आम्ही मे महिन्यात नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय. विदर्भातली माणसं ४५ मध्ये लग्नाच्या वरातीत नाचतात. पहाटे लवकर सुरू करायचं, भरपूर पाणी प्यायचं, विषय संपला. १५ मेच्या आधी जा आणि झरे करून टाका.

---

फिनिक्सवासी | १२ एप्रिल, दुपारी १:१५

घाटवाट, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, कारण मीही सह्याद्रीतच चालायला शिकलो आणि हाच माज घेऊन इथे आलो होतो.

पहिली गोष्ट. गड चढताना आपण ताजेतवाने असतो, सकाळ असते. दमलेलो असतो तेव्हा उतार लागतो. इथे घळीत उतरायचं असतं. झऱ्यांकडे नेणारी व्हाइट रॉक कॅन्यनची वाट महामार्गावरून खाली कोलोरॅडो नदीपर्यंत जाते, जाताना गार सावलीत मजेत उतरता. चढ येतो तो परतीला, डोक्यावर ऊन असताना आणि पाणी संपलेलं असताना. अख्खं गणितच उलटं.

दुसरी गोष्ट घाम. कोकणकड्यावर शर्ट पिळून निघतो, म्हणून कळतं की पाणी जातंय. इथे हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आत उडून जातो. शर्ट कोरडाठाक, माणूस म्हणतो मी ठीक आहे. आणि मग एकदम डोकं दुखायला लागतं, पायात गोळे येतात, बोलण्यात विसंगती यायला लागते. माझ्या मित्राचं झालंय हे माझ्यासमोर, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. तो मला मराठीत विचारत होता की 'ताकवाली मावशी कुठे बसते?' तेव्हा हसलो. दहा मिनिटांनी तो खाली बसला आणि मग कोणी हसलं नाही.

ताकवाली मावशी इथे बसत नाही. टाकं नाही, वाडी नाही, मोबाईलला रेंज नाही. माणशी दिवसाला चार लिटर पाणी हा पार्कवाल्यांचा सल्ला आहे, आणि नुसतं पाणीही पुरत नाही. मीठ लागतं. आम्ही मीठ-साखर-लिंबू, खारे शेंगदाणे आणि लिमलेटच्या गोळ्या ठेवतो.

---

घाटवाट | १२ एप्रिल, दुपारी २:०२

उताराचा मुद्दा पटला. ताकवालीचाही.

---

चिंचगूळ | १२ एप्रिल, संध्याकाळी ६:५०

मी सासू-सासऱ्यांना नेलं होतं फेब्रुवारीत. आईंच्या गुडघ्यासाठी सांगते.

टनेल ट्रेल सपाट आहे, अगदी बाबागाडी जाईल इतकी. १९३१ साली धरणाचं सामान नेण्यासाठी रेल्वे टाकली होती, तिचाच हा मार्ग. रूळ १९६२ मध्ये काढले. पाच बोगदे आहेत, आणि अवाढव्य, साधारण २५ फूट रुंद-उंच, कारण धरणाची यंत्रं त्यातून जायची होती. आत वटवाघळं असतात, पण गप्प असतात. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला सगळा तलाव. बोगद्यात शिरलं की गार झुळूक लागते. सासूबाई प्रत्येक बोगद्यात थांबून 'इथेच बसू या' म्हणायच्या.

पाचव्या बोगद्याला दोनदा आग लागली होती, १९७८ आणि १९९० मध्ये. बरीच वर्षं बंद होता, २००१ मध्ये दुरुस्त केला. तिथपर्यंत जाऊन परत फिरलात तरी चालतं. पुढे थेट धरणाच्या वाहनतळापर्यंत एका बाजूने ३.७ मैल आहेत. आमची युक्ती: नवरा गाडी घेऊन धरणावर गेला, आम्ही चालत गेलो. परतीचं चालणं वाचलं.

स्वच्छतागृह सुरुवातीलाच आहे, वाटेत नाही. हे बायका लक्षात ठेवतात, पुरुष नंतर विचारतात.

आणि बोल्डर सिटीत हेमेनवे पार्क नावाची साधी बाग आहे. डोंगरावरच्या रानमेंढ्या हिरवळ खायला तिथे उतरतात. ती मोठी वळलेली शिंगं! बाकावर बसून बघायचं, चालायला नको काही नको. त्याच गावात जुगाराला बंदी आहे, नेवाडात असूनसुद्धा. धरणाच्या कामगारांसाठी सरकारने वसवलेलं गाव ना, तेव्हापासून.

---

सांडवा | १२ एप्रिल, रात्री ९:१०

धागाकर्त्याचे वडील आमच्या खात्याचे निघाले म्हणून लॉगिन झालो. (मी कोयनेवर होतो.) त्यांना गाडीत बसवण्याआधी हे आकडे द्या, वाटेत गप्पांना विषय होईल.

इथे पाणी एकर-फुटांत मोजतात, म्हणजे एकरभर जागेत फूटभर उभं पाणी. १० लाख एकर-फूट म्हणजे ४३.५६ टीएमसी (अब्ज घनफूट). मीड काठोकाठ भरलं तर ११०० टीएमसीच्या वर जातं. उजनी ११७, आमची कोयना १०५. म्हणजे जवळजवळ दहा उजन्या एका पोटात. भिंत ७२६ फूट उंच, कोयनेच्या दुपटीहून जास्त. बांधकाम १९३१ ते १९३५. एवढं काँक्रीट आपोआप थंड व्हायला शंभरावर वर्षं लागली असती, म्हणून आत नळ्या टाकून त्यातून गार पाणी फिरवलं. हे आम्हाला शिकवायचे.

आता खडूस काकांची पांढरी कड. ती पाण्यातल्या क्षारांची आहे, पाणी उतरलं की खडकावर राहते. पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १,२२९ फूट धरतात. १९८३ मध्ये इतकं पाणी आलं की सांडवे चालवावे लागले. २००० पासून उतरती कळा, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात १,०४० फुटांपर्यंत खाली. जवळपास १९० फूट! काठावरचे होड्या पाण्यात सोडायचे उतार कोरडे पडले, धक्के पाण्यामागे सरकवत न्यावे लागले.

कारण नुसता दुष्काळ नाही. १९२२ मध्ये सात राज्यांनी नदी वाटून घेतली ती चांगल्या पावसाच्या वर्षांचे आकडे धरून. कागदावर पाणी जास्त, नदीत कमी. पुढे नदीच्या खालच्या अंगाच्या तीन राज्यांत कॅलिफोर्नियाला ४४ लाख एकर-फूट, ॲरिझोनाला २८ लाख आणि ज्याच्या दारात तलाव आहे त्या नेवाडाला ३ लाख. म्हणजे १३ टीएमसी. तेव्हा लास व्हेगास म्हणजे चार घरं होती, मागितलं कोणी? २०२१ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली. नाशिक-नगर विरुद्ध जायकवाडी ऐकलेल्या माणसाला हे काही नवीन नाही.

---

खडूस काका | १२ एप्रिल, रात्री ९:३३

आणि तेच लास व्हेगास हॉटेलासमोर कारंजी उडवतं.

---

सांडवा | १२ एप्रिल, रात्री ९:५०

काका, कारंजी दिसतात म्हणून शिव्या खातात. घरात, हॉटेलात नळातून जे पाणी गटारात जातं ते जवळपास सगळं शुद्ध करून लास व्हेगास वॉश नावाच्या ओढ्यातून परत तलावात सोडतात, आणि तेवढं पुन्हा उचलायची मुभा मिळते. वाया जातं ते हिरवळीवर शिंपडलेलं. म्हणून शोभेची हिरवळ काढायचा कायदा केला २०२१ मध्ये. शहराचं ९० टक्के पाणी या तलावाचं. पातळी आणखी घसरली तरी पाणी मिळावं म्हणून तळाजवळून नवीन बोगदा काढला, २०१५ पासून तो चालू आहे. पुण्याने यातलं अर्धं केलं तरी दौंड-इंदापूर दुवा देईल.

---

रानमेवा | १३ एप्रिल, सकाळी ८:१५

अवांतर: २०२२ मध्ये पाणी उतरल्यावर पिंपात कोंबलेला सांगाडा सापडला होता ना तिथे? गोळी घातलेला. लहान मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट सांगू नका. आमच्या मुलाने नंतर काठावरचा प्रत्येक डबा उघडून पाहिला.

मूळ प्रश्नाबद्दल: पोहणार असाल तर बोल्डर बीच, पण लाइफ जॅकेट घालूनच. दुपारी वारा सुटतो तो साधा नसतो, फुगवलेली गादी बघता बघता आत वाहत जाते. आणि झऱ्यांना कधी गेलात तर डोकं पाण्यात बुडवू नका, नाकावाटे जाणाऱ्या अमिबाची पाटीच लावलेली आहे.

उत्तरेचा नॉर्थशोर रस्ता चुकवू नका. रेडस्टोनला थांबा, अर्ध्या मैलाची चक्कर. लाल खडक आहेत ते म्हणजे डायनासोरच्या काळातल्या वाळूच्या टेकड्या, दगड होऊन बसल्या आहेत. आईंना जमेल.

आणि बाबा धरणवाले आहेत तर सेंट थॉमस.

---

इंदापुरी | १३ एप्रिल, सकाळी ९:०२

सेंट थॉमस काय आहे?

---

रानमेवा | १३ एप्रिल, सकाळी ९:२०

बुडालेलं गाव. १८६५ मध्ये मॉर्मन पंथाच्या लोकांनी वसवलं. पुढे मोजणीत कळलं की गाव नेवाडात येतं, नेवाडाने मागच्या वर्षांचा कर सोन्यात मागितला, तर १८७१ मध्ये बहुतेक सगळे उठून गेले. नंतर पुन्हा भरलं, पाचशेच्या आसपास वस्ती झाली. मग धरण आलं. १९३८ च्या जूनमध्ये शेवटचा माणूस, ह्यू लॉर्ड, पाणी दाराला लागल्यावर होडीतून बाहेर पडला. कधीकाळी त्यावर ६० फूट पाणी होतं. आता गाव उघडं आहे, आत अडीच मैलांची फेरी. डांबरी सोडून तीन मैल कच्चा रस्ता.

---

इंदापुरी | १३ एप्रिल, सकाळी ९:४८

धन्यवाद. मेमोरियल डे रद्द. मेच्या पहिल्या शनिवार-रविवारी जातोय, झरे पुढच्या हिवाळ्यात. बाबांना सेंट थॉमसचं सांगितलं. काही बोलले नाहीत, फक्त 'ते बघू' म्हणाले.

---

इंदापुरी | ६ मे, रात्री ११:१५

आलो. वृत्तांत टाकतो म्हणालो होतो, लांबलाय, माफी.

शनिवारी सव्वासहाला टनेल ट्रेलवर होतो. गाडीमागे २५ डॉलर, सात दिवस चालतात. पहिल्या बोगद्यापर्यंत बाबा पुढे, आम्ही मागे. ते तलावाकडे बघतच नव्हते, कापलेल्या खडकाकडे बघत होते. सुरुंगाची भोकं मोजली त्यांनी. आई बोगद्यात खरोखर बसली (चिंचगूळ, तुमच्या सासूबाईंना नमस्कार). आठ वाजता पाचवा बोगदा ओलांडला तेव्हाच ऊन चावायला लागलं होतं. फिनिक्सवासी, शर्ट कोरडाच होता! मुद्दाम लक्ष ठेवलं. बाबा 'मला तहान नाही' म्हणत राहिले, त्यांना दर पंधरा मिनिटांनी लिमलेट आणि दोन घोट, असा रेशनचा हिशेब केला. बायको गाडी घेऊन धरणावर आली होती, तिथेच बसलो.

धरणावर दोन मनोऱ्यांवर दोन घड्याळं आहेत, एक नेवाडाचं, एक ॲरिझोनाचं. उन्हाळ्यात दोन्हीत एकच वेळ, कारण ॲरिझोना घड्याळ पुढे-मागे करत नाही. बाबांनी आपलं मनगटी घड्याळ जुळवलं. ते अजून भारतीय वेळेवर होतं.

पांढऱ्या कडेसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, 'म्हणजे मृतसाठ्यात नाही अजून.' सांडवाकाका, तुमचे टीएमसी सांगितले तर म्हणाले, 'एवढ्याने काय होतं, आवक सांग.'

हेमेनवेला अकरा मेंढ्या. आईच्या मते सहलीतलं सर्वोत्तम तेच. तिने व्हिडिओ करून सगळ्या भजनी मंडळाला पाठवलाय.

रविवारी पहाटे पाचला निघून सेंट थॉमस. कच्च्या रस्त्यावर गाडी हळू घ्यावी लागते, पण साधी गाडी जाते. टेकाडावरून खाली उतरलं की टॅमरिस्कची झुडपं, त्यातून वाट, पायाखाली वाळलेल्या गाळाचा भुगा आणि शिंपले. वाळवंटात शिंपले! मग एकेक चौथरा सुरू होतो. शाळेच्या पायऱ्या आहेत, वर शाळा नाही. पाण्याच्या टाक्या आहेत जमिनीत बांधलेल्या, झाडांचे बुंधे एका ओळीत उभे, म्हणजे रस्त्याकडेला लावलेली झाडं. सगळ्यात उंच उरलंय ते एका आइस्क्रीमच्या दुकानाचं धुराडं.

आईचा पहिला प्रश्न, 'यांची स्वयंपाकघरं कुठे असतील?' आणि ती शोधायला लागली. गुडघ्याचं नाव नाही.

बाबांचं सांगायचं राहिलं. त्यांचं आजोळ जुनं पळसदेव. उजनीत गेलेलं. हे मला माहीत होतं, पण 'आजोळ पाण्यात गेलं' हे वाक्य आमच्या घरात इतकं नेहमीचं की त्यात काही आहे असं कधी वाटलंच नाही. एका चौथऱ्यावर ते बसले आणि बोटाने समोर दाखवत म्हणाले, हे समज मामाचं घर. इथे ओटा, इथे गोठा. इथून नदी इतकी. पळसनाथाच्या देवळात जायला असं वळायचं. मग म्हणाले, मामा घर सोडताना दारं-चौकटी काढून घेऊन गेला, बैलगाडीत. आणि पुढच्या वर्षी मी खात्यात लागलो. मामा दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही.

पळसनाथाचं देऊळ दुष्काळाच्या साली वर येतं, लोक जत्रेसारखे बघायला जातात, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक असेल. बाबा कधीच गेलेले नाहीत. मी विचारलं का. म्हणाले, 'धरण रिकामं झालेलं बघायला कशाला जायचं?'

साडेआठला परत वर आलो. तेवढ्या चढाला आईला तीनदा थांबावं लागलं. गाडीत बसल्यावर दोघंही झोपली. रेडस्टोन राहिलं.

---

भीमाकाठचा | ७ मे, सकाळी ६:४०

मी पळसदेवचाच, नव्या गावातला. इंदापुरी, बाबांना विचारा मामांचं घर वेशीच्या आतलं की बाहेरचं. माझ्या आजीला बहुतेक माहीत असेल.

---

इंदापुरी | ७ मे, सकाळी ७:१२

वेशीच्या आत, पाराजवळ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. बाबा इथेच बसलेत चहा घेऊन, म्हणतायत फोनच लावून दे.

---

खडूस काका | ७ मे, सकाळी ९:००

वृत्तांत बरा आहे. त्या धुराड्याचा फोटो टाका.

---

नवखा प्रवासी | २८ ऑगस्ट, दुपारी ४:२५

धागा वर काढतोय, माफ करा. पुढच्या आठवड्यात व्हेगासला कॉन्फरन्स आहे. एक दुपार मोकळी आहे, सेंट थॉमस होईल का?

---

घाटवाट | २८ ऑगस्ट, दुपारी ४:३१

दुपार? अजिबात नाही. धागा पहिल्यापासून वाचा. खास करून माझा प्रतिसाद आणि त्याखाली मला मिळालेला.

---

चिंचगूळ | २८ ऑगस्ट, संध्याकाळी ५:१०

संध्याकाळी हेमेनवेला जा, बाकावर बसा. मेंढ्या असतात. नाहीतर दुपारी गाडीतून नॉर्थशोर रस्ता करा, एसी चालू, टाकी भरलेली, पाण्याचा कॅन मागे. उतरायचं ते फोटोपुरतं.

---

इंदापुरी | २८ ऑगस्ट, रात्री ९:४४

हेच लिहायला आलो होतो. बाबा जुलैत परत गेले. रोज सकाळी फोनवर आधी उजनीची टक्केवारी सांगतात, मग मला मीडची पातळी विचारतात. मी बघून ठेवायला लागलोय.

---

भीमाकाठचा | २८ ऑगस्ट, रात्री १०:०५

आज १०० टक्के. दारं उघडली. काका काल येऊन गेले आमच्याकडे, आजीला भेटले.